बजाबाईची पिल्लं

मंगळवेढ्याजवळच्या वाडीत सगळे कोंबड्यांना ज्वारी टाकतात, पण जोतीरामनं आपली पिल्लं जाळीत ठेवून निवडलेल्या गव्हावर पोसली. दोन महिने झाले तरी ती मुठीएवढीच. शेजारच्या बजाबाईची मोकाट पिल्लं मात्र विकतचा दाणा न खाता तरणीताठी झाली. आपलंच काहीतरी रोज कुंपणापलीकडं जातंय, अशी जोतीरामची खात्रीच पटली.

"बजाक्का, काय चारतीस पिल्लास्नी?" त्यानं डोळे बारीक करून विचारलं.

"मी कशाला चारू? त्यांचं ती बघत्यात की. तुज्यासारकं पंगतीला बसवत न्हाय."

शेवटी त्यानं गुरांच्या डॉक्टरांपुढं फिर्याद मांडली. डॉक्टर हसले. "चोरी वगैरे काही नाही, जोतीराम. गव्हाच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक फार कमी असतो. वाढत्या पिल्लांना तो कमी पडला, की बाकीचं खाल्लेलंही अंगी लागत नाही. बजाबाईची पिल्लं उकिरडा उकरून किडे खातात, त्यातून त्यांना तो मिळतो."



"तेच म्हणतोय की सायेब, उकिरडा माजा हाय!"