साडूकडचा दुसरा भाग

सुडाशिवाय पुरुषाच्या आयुष्याला आकार येत नाही, हे सलूनवाल्याला आता पूर्णपणे पटलं होतं. पटलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत पाय लांब करून पडला होता आणि पोटावर कादंबरी उपडी होती.

कादंबरी अनुवादित, परमुलखातली, जुन्या काळची. ओसाड माळ, फळ्या ठोकून उभं केलेलं गाव, आणि एक माणूस, ज्याच्या भावाला मारून कोणीतरी घर जाळलेलं. तो बर्फातून, वाळूतून, घोडे बदलत माग काढतो. बोलत जवळजवळ नाहीच. कोणी जेवायला विचारलं तरी नुसता बघतो. शेवटच्या पानावर तो वैऱ्याच्या दारात पोचतो, कडीला हात घालतो, आणि खाली छापलेलं असतं: भाग पहिला समाप्त.

सलूनवाला जन्मात घोड्यावर बसला नव्हता. सायकलवरूनही पडला होता. पण त्या माणसाचं दुःख त्याला आतून कळत होतं, कारण वैरी त्यालाही होता. रस्त्याच्या पलीकडे. त्याचा साडू.

पूर्वी दोघांचं दुकान एकच होतं. एका सकाळी साडूने दुकानातली फिरती खुर्ची उचलून नेली आणि समोर स्वतःचं सलून थाटलं. तेव्हापासून अबोला. बायका सख्ख्या बहिणी. त्या रोज तासभर फोनवर बोलत. वैर पुरुषांचं असल्यामुळे त्यांना त्याची अडचण होत नसे. दोन्ही दुकानांतले आरसे रस्त्याकडे तोंड करून होते, त्यामुळे दाढी करता करता प्रत्येकाला आरशात समोरचं दुकान दिसे. दोघंही वैऱ्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवत. म्हणजे इतकी वर्षं त्यांनी मुख्यतः एकमेकांची पाठ पाहिली होती.

आणखी एक नुकसान होतं. स्वतःच्या मानेवरचे केस स्वतःला कापता येत नाहीत. पूर्वी सुट्टीच्या दिवशी ते एकमेकांचे कापत. आता सलूनवाला दोन आरशांच्या मध्ये उभा राहून झटापट करी, आणि मान उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसे. तिसऱ्या सलूनमध्ये जाऊन बसावं, तर गिऱ्हाइकांनी पाहिलं असतं.

दुसरा भाग आणायला तो वाचनालयात गेला. तो भाग बाहेर गेलाय, असं वाचनालयवाला म्हणाला. कोणाकडे, हे सांगताना जरा घुटमळला. मग नुसती हनुवटी रस्त्याच्या पलीकडे उडवली.

बायको म्हणाली, ताईला सांगते, संध्याकाळी पुस्तक घरी येईल. सलूनवाल्याने तिला समजावलं, की असल्या गोष्टी मेहुणीमार्फत होत नसतात.

"मग कशा होतात?"

त्याला जरा विचार करावा लागला. "समोरासमोर," तो म्हणाला.

असल्या कादंबऱ्यांत माणसं भर दुपारी जातात, म्हणून तोही भर दुपारी निघाला. पाण्याचा टँकर रिव्हर्स येत होता, त्यामुळे सूड रस्त्याच्या मधोमध थोडा वेळ थांबला. तेवढ्यात सगळा घोटाळा झाला. आपण पुस्तक मागायला चाललोय, खुर्ची मागायला, की हिशेब चुकता करायला, हे त्याला ठरवता येईना. खिशात हात घातला, तर कंगवा होता.

साडू त्याच फिरत्या खुर्चीत बसून दुसरा भाग वाचत होता. त्याची मानही कुरतडलेली होती.

"खुर्ची माझी होती," सलूनवाला दारातूनच म्हणाला. "तुम्ही उचलून नेलीत." थोरल्या मेहुणीचे यजमान असल्याने साडूला तो तुम्ही म्हणे. वैरातही ते सुटलं नव्हतं.

साडूने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. "तूच म्हणालास, ही करकरणारी खुर्ची घेऊन एकदाचे चालते व्हा."

"रागात म्हणालो होतो."

"ते मला कसं कळणार? तू रोज तसाच बोलायचास."

हे त्याला आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं, पण त्या आठवणीत बोलणारा साडू होता.

"पहिला भाग वाचताना सारखं वाटत होतं," साडू म्हणाला, "हे माझंच घर जाळलंय."

"कोणी?"

साडूने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

सलूनवाला दारात तसाच उभा राहिला. नायक दाराच्या बाहेर असतो, एवढं नक्की होतं. बाहेर तो स्वतः होता. पण ते नुसतं बघणं तर आतल्याला जमलं होतं.

साडू उठला. त्याने खुर्ची फडक्याने झटकली आणि कापड हातात धरून उभा राहिला, गिऱ्हाईक आल्यावर राहतात तसा. सलूनवाला जाऊन बसला. का बसला, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

कात्री झाली. मानेला वस्तरा लागला, तेव्हा त्याने विचारलं, "मग दार उघडल्यावर काय होतं?"

"हलू नकोस. वैरी आदल्या हिवाळ्यातच तापाने गेलेला असतो."

"आणि उरलेलं एवढं पुस्तक?"

"त्याच्या बायकोसाठी विहीर खणतो."

"पाणी लागतं?"

"अजून नाही लागलं. निम्म्यावर आलोय."

मग साडू खुर्चीत बसला. कापड गळ्याशी बांधून घेतलं आणि मान खाली घातली. सलूनवाल्याच्या हातात वस्तरा होता, पुढे वैऱ्याची उघडी मान होती, आणि रस्त्यावर भर दुपार होती. मान उजेडात यावी म्हणून त्याने खुर्ची जरा फिरवली.

ती करकरली. चांगलीच करकरत होती.