आधी कोण राहत होतं?

“घरात माणसं किती?”

“दोघंच, अक्का. मी आणि हे.”

“काय करतात?”

“रेल्वेच्या कचेरीत कारकून आहेत. तंजावरहून इकडे बदली झालीय.” बदलीचं खोटं इतकं सरळ तोंडातून निघालं, की तुळजाचं तिलाच नवल वाटलं.

अंबुजाबाईंनी मान हलवली आणि मागच्या खोलीची कडी काढली. शहरातल्या तिरुवल्लिकेणी पेठेच्या त्या बोळात मराठी बोलणारं हे एकच घर. म्हातारी एकटीच राहते, खोली रिकामी आहे, असं कोपऱ्यावरच्या फुलवालीनं सांगितलं होतं. चार दिवसांत तुळजानं पाहिलेली ही अकरावी जागा.

पहिल्या नऊ घरांत तिनं खरं काय ते सांगितलं होतं. नवऱ्याला क्षय आहे. कुणी लांबूनच हात जोडले, कुणी दार लावून घेतलं. एका बाईनं तर तुळजा उभी होती तेवढी फरशी तिच्यादेखत धुऊन काढली. दहाव्या घरी तिनं आजार लपवला आणि खोलीत डोकावल्याबरोबर ‘चालेल’ म्हणाली. मालक तिच्याकडे बघतच राहिला. “पाणी किती वाजता येतं तेसुद्धा विचारलं नाहीत बाई. काय लपवताय?”

इस्पितळात खाट रिकामी नव्हती. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, हल्ली घरी राहूनही औषध घेता येतं. वर्षभर गोळ्या घ्यायच्या, आमची नर्स घरी येऊन बघून जाईल, तुमचा नवरा बरा होईल. पण शहरातला पत्ता पाहिजे. उद्या दुपारपर्यंत आणा, नाहीतर तुमचा औषधाचा नंबर दुसऱ्या रोग्याला जाईल. आणि आज सकाळी ती दोघं उतरली होती त्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, व्यवस्थापकानं तिच्या नवऱ्याचा, दत्ताजींचा, खोकला ऐकून दोघांचं गाठोडं बाहेर ठेवलं होतं. दत्ताजी आता पार्थसारथीच्या देवळाच्या तळ्याच्या पायरीवर तोंडाला उपरणं लावून बसले होते.

म्हणून या वेळी तुळजानं ठरवलंच होतं. चांगल्या घरची, चोखंदळ बाई विचारील ते सगळं विचारायचं.

“पाणी किती वाजता येतं?”

“नळाला सहाला येतं. पण विहीर आहे की परसात. केव्हाही काढ.”

“चूल कुठं मांडायची? धूर होईल ना?”

“पडवीत मांड. तिथला धूर आत येत नाही.”

“रात्री दार किती वाजता लावता?”

“तुझे यजमान येईपर्यंत उघडं ठेवीन.”

अंबुजाबाई भराभर उत्तरं देत होत्या. तुळजाला जरा धीर आला. भिंतींना नुकताच चुना दिलेला होता, जमीन सारवलेली होती. आणखी काय विचारतात बायका? तिनं आठवून पाहिलं.

“आधी कोण राहत होतं इथं?”

कडीवरचा हात अंबुजाबाईंनी तसाच ठेवला.

“माझी लेक,” त्या शेवटी म्हणाल्या. “सरोजा.”

“लग्न होऊन गेली?”

“क्षयानं गेली. माघात. तीनदा चुना दिला मी भिंतींना, पण गल्लीत कुणी माझ्या घरचं पाणी पीत नाही. घर खायला उठतं गं. तू परगावची, तुला ठाऊक नसणार, म्हणून मी बोलणारच नव्हते. पण तू विचारलंस, आणि तोंडावर खोटं बोलवेना. लहान आहेस पोरी. इथं नको राहूस. जा.”

तुळजा उंबऱ्यावरच बसली.

“अक्का, मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “यांची बदली नाही झालेली. यांनाही तेच आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. छत्र, डॉक्टर, गोळ्या, उद्याची दुपार. अंबुजाबाई उभ्या उभ्याच ऐकत होत्या.

“घरी राहून बरं होतं?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर म्हणाले तसं.”

“आम्ही खाटेची वाट बघत बसलो. सात महिने.”

अंबुजाबाईंनी खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

“ही खोली मी तुझ्या यजमानांना देणार नाही.”

तुळजानं विनवण्या केल्या नाहीत. नऊ घरांत करून झाल्या होत्या. ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि ओसरीवर आली. तळ्यापर्यंत जाऊन दत्ताजींना काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ते काही विचारणार नाहीत, नुसते उठून गाठोडं उचलायला लागतील, आणि तेच तिला बघवणार नव्हतं.

“अगं, निघालीस कुठं?”

तुळजा वळली. पुढची खोली सताड उघडी होती. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांतून ऊन थेट भिंतीपर्यंत आलं होतं. अंबुजाबाई स्वतःची चटई आणि उशी काखेत मारून त्या खोलीतून बाहेर येत होत्या.

“त्यांना घेऊन ये आणि इथं निजव,” त्या म्हणाल्या. “मागं मी राहीन. तिकडं ऊन येत नाही, ते मला फार उशिरा कळलं.”