अकरा मिनिटांचा शॉट

"तेवीस पायऱ्या," कॅमेरामन पुटपुटले. "आणि बाविसावी फुटकी."

"मामा, मोजायला मी आहे," मागून त्यांचा भाचा म्हणाला. त्याची मूठ मामांच्या कमरपट्ट्यात होती. "पोट तेवढं आत घ्या. बोटं शिरत नाहीत."

तालीम नुकतीच संपली होती. खांद्यावर कॅमेरा, तोंड नटीकडे, आणि अकरा मिनिटे उलटे चालायचे: तीन खोल्या, जिना, अंगण. मध्ये कुठेही तोडायचे नाही. शेवटी अंगणातली भिंत यंत्राने खरोखर पाडली जाणार होती. दुसरी भिंत नव्हती.

कॅमेऱ्याला कळ एकच. दाबली की चालू, पुन्हा दाबली की बंद. तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू न देण्याची मामांची चाळीस वर्षांची शिस्त होती. तालीमही ते चित्रित करून ठेवीत. त्यांनी कॅमेरा टेबलावर टेकवला आणि ते लगबगीने स्वच्छतागृहात गेले.

कडी लावून त्यांनी डोळ्यांत थेंब घातले. उजव्या डोळ्यातले धुके आता डाव्यातही उतरू लागले होते. जिन्यावर पाय चुकला तर हाडे मोडतील, हे त्यांना कळत होते. पण 'काका, आता तुम्ही बसा' या चार शब्दांची धास्ती त्याहून मोठी होती.

ते परतले तेव्हा दिग्दर्शिका दारातच होती.

"काका, जमेल ना?"

"न जमायला काय झालं, बाई?"

"मान दुखतेय म्हणत होतात."

"मान जुनी, दुखणंही जुनंच."

कॅमेरा चहूकडे फिरणार म्हणून बाकी सारे फाटकाबाहेर गेले. मामांनी कळ चाचपून दाबली. "चालू."

खोल्या सरल्या. जिना आला. समोर नटीच्या चेहऱ्याचा नुसता फिकट डाग दिसत होता. मागे खोल पोकळी. एकविसाव्या पायरीवर पट्टा डावीकडे ओढला गेला आणि फुटकी पायरी सुखरूप मागे पडली. अंगणात धडाडत भिंत कोसळली. धूळ बसेपर्यंत मामा हलले नाहीत.

"बंद," म्हणत त्यांनी कळ दाबली, नीट दाबली गेली नाही असे वाटून लगेच पुन्हा एकदा दाबली, आणि ओट्यावर बसले. भाच्याने मिठी मारली. वर्षभराची भीती घामावाटे निथळून गेली होती.

दिग्दर्शिकेने कॅमेरा मोठ्या पडद्याला जोडला. "भिंत आधी बघू," म्हणून तिने चित्रण थेट शेवटाकडे नेले.

पडद्यावर टेबलाची कड आणि एक रिकामे दार होते. भाच्याशी बोलणारा तिचाच आवाज उमटला: "काकांना दिसत नाही हे मला ठाऊक आहे रे. पण त्यांना कळू देऊ नकोस. हा शॉट त्यांचाच."

मग चित्र हलले, खांद्याच्या उंचीवर गेले, मामांचा खणखणीत आवाज आला, "चालू," आणि पडदा काळा झाला.