नाकतोडा

शेलूबाजारला पानाबाईंच्या किराणा दुकानामागे कडुनिंबाखाली कोतवाल पक्ष्याचं पिल्लू पडलेलं दिसलं. त्यांनी ते टोपलीत ठेवून उकळून गार केलेलं पाणी आणि भिजवलेली मूगडाळ पुढे केली. पिल्लाने चोच उघडली नाही. नात जिनलने पशुवैद्याला फोन केला. "आजी, त्याला किडे लागतात. नाहीतर होतं तिथे ठेवा, आईबाप चारतील म्हणाले." या जैन घरात भाजीतली अळीही पानासकट बाहेर सोडत. दुकानातलं गिऱ्हाईक, बबनराव, म्हणाले, "मी आणतो नाकतोडे. तुमी पाहूच नका बाई, पाप माह्या खात्यावर लिवा." "मागवले तर मारणारी मीच," पानाबाई म्हणाल्या. पिल्लू कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर बसवून त्या मागच्या खिडकीत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने कोतवाल उतरला. चोचीतल्या नाकतोड्याचे पाय अजून हलत होते. पिल्लाने चोच उघडली. पानाबाईंनी मान वळवली; खिडकी मात्र लावली नाही.