अंगठ्याचा डाव

"आंगठ्यान खेळूचा तर बोर्ड कित्याक होयो? भायर खळ्यात गोट्यो खेळया," असं म्हणत गोकुळदासने नव्या नियमांचा कागद बाजूला सारला.

कोरगावच्या देवळामागच्या खोलीत त्या संध्याकाळी कॅरम राहिला बाजूलाच आणि भांडणाला रंग चढला होता. बसचा कंडक्टर सगुण पेडण्याहून तो कागद घेऊन आला होता. तालुक्याची स्पर्धा यंदापासून नव्या नियमांनी व्हायची होती, आणि त्यातला एक नियम सगळ्यांच्या नाकाला झोंबला होता: स्ट्रायकर अंगठ्याने मारला तरी चालेल. आदल्या वर्षी गोवा राज्य झालं तेव्हासुद्धा या खोलीत एवढे आवाज चढले नव्हते. उद्या पायाने मारायला सांगतील, असं जयराम म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

कोरगावचे नियम कोरगावातच झालेले. ते कुठे लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते मोडायची कुणाची छाती नव्हती. त्यांतला थोरला नियम राणीचा. लाल सोंगटी भोकात गेली की तिच्या पाठोपाठ आपली सोंगटी घालून ती कव्हर होईपर्यंत खोलीत कुणी ब्र काढायचा नाही. सगुणच्या गोठ्याला आग लागली तेव्हा सांगायला धावत आलेला शेजारीसुद्धा कव्हर होईपर्यंत दारात गप्प उभा होता. गोठा अर्धा जळला, पण त्या शेजाऱ्याला इथे अजून मान आहे. पोराटोरांच्या खेळाला मात्र ही शांतता मिळत नसे. त्यांनी राणी घातली तरी मोठ्यांच्या गप्पा चालूच.

"गोकुळदास," कोपऱ्यातून कृष्णनाथ म्हणाला, "एक बोर्ड खेळया. तुका पटलां नाय, तर तो कागद फाडून उडय. मी परत इचारूचंय नाय."

तेव्हा कुठे सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एके काळी या खोलीतला पहिला खेळाडू कृष्णनाथच. खाणीवर माल भरणाऱ्या पट्ट्यात त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची पहिली दोन बोटं गेली. उरलेल्या दोन बोटांत जोर नव्हता आणि डाव्या हाताला नेम नव्हता. तेव्हापासून तो पावडरीचा डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसायचा आणि दर डावाआधी बोर्डावर पावडर शिंपडायचा. मघापासून अंगठ्यावरून एवढी हमरीतुमरी चालली होती, पण त्याच्या हाताची आठवण एकालाही झाली नव्हती.

गोकुळदासला स्वतःची लाज वाटली. झटपट हरवून मोकळं करावं, म्हणजे बिचाऱ्याची फार शोभा होणार नाही, असं मनाशी ठरवून तो समोर बसला.

कृष्णनाथने अंगठा तिसऱ्या बोटामागे अडकवला आणि सोडला. स्ट्रायकर कडेवरून उडून थेट जयरामच्या पायाशी गेला. खोली हसली. जयरामने तो उचलून दिला आणि पुन्हा गोट्यांची आठवण काढली. मग लोक आपापल्या गप्पांना लागले, काजूच्या भावापासून बसच्या गर्दीपर्यंत.

गोकुळदासला मात्र थोड्याच वेळात त्या गप्पा ऐकू येईनाशा झाल्या. समोरच्या पांढऱ्या सोंगट्या भोकाच्या कडेला न शिवता आत जात होत्या. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. हा हात आज पहिल्यांदा बसलेला नाही, हे त्याने ओळखलं. इथे पावडर शिंपडून घरी गेल्यावर हा माणूस अंगठा घेऊन एकटाच बसत असला पाहिजे. चालणारच नाही असा फटका घोटत.  गोकुळदासने जीव तोडून खेळायला सुरुवात केली.

शेवटी त्याची एक काळी उरली. कृष्णनाथची एक पांढरी आणि मधली राणी. पांढरी कृष्णनाथच्या रेघेच्या मागे, जवळजवळ त्याच्या पोटाशी पडली होती. तिला बोटाने मारायचं तर स्ट्रायकर पलीकडच्या कडेवर आपटून परत आणावा लागला असता. ते काही जमायचं नाही, असा गोकुळदासने हिशेब केला.

कृष्णनाथने राणी घातली.

सगुण बसमधल्या कुठल्याशा म्हातारीची गंमत सांगत होता. त्याचा शब्द अर्ध्यावर तुटला. जयरामने टाळी द्यायला उचललेला हात तसाच खाली घेतला. बाहेरून पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजत आला, दाराशी रेंगाळला आणि पुढे गेला. पाव घ्यायला कुणी उठलं नाही.

कृष्णनाथने स्ट्रायकर लगेच उचलला नाही. तो मान खाली घालून नुसता बसला होता. तो ती शांतता ऐकतो आहे, हे गोकुळदासला कळलं.

मग कृष्णनाथने स्ट्रायकर रेघेवर ठेवला, मनगट वळवलं आणि अंगठ्याचं तोंड स्वतःकडे केलं. फटका उलटा, सरळ मागे बसला. पांढरी त्याच्याच कोपराजवळच्या भोकात गेली. एवढा जन्म बोर्डापुढे गेला, पण असं काही गोकुळदासने कधी पाहिलं नव्हतं. आपण हरलो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आपल्या डोळ्यांदेखत हे झालं, एवढंच त्याच्या मनात होतं.

राणी कव्हर झाली होती. आता बोलायला हरकत नव्हती. तरी कुणी बोलेना.

कृष्णनाथ सवयीने स्टुलावरच्या डब्यासाठी उठू लागला. गोकुळदासने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग तो स्वतः डबा घेऊन आला आणि वाकून, चारी कोपऱ्यांपर्यंत, बोर्डावर पावडर शिंपडू लागला.