गाबोळी

"नावं सांगा," झेनोन म्हणाला. "कोण घेतं या गोळ्या, एकदा कळू दे गावाला."

दनूताने खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. गावच्या सांडपाणी प्रकल्पाची ती प्रमुख. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमलेल्या लोकांना ती दरवर्षी तेच सांगत आली होती. नोतेच नदीतल्या नर माशांच्या पोटात गाबोळी, म्हणजे मादीची अंडी, सापडत होती. दोष कुठल्या कारखान्याचा नव्हता. हार्मोन्सची किंवा हार्मोन्स दाबणारी औषधं माणसांच्या लघवीवाटे गटारात येत आणि जुन्या टाक्यांमधून तशीच नदीत उतरत. प्रकल्पात कोळशाची गाळणी बसवली तर त्यातली बरीचशी अडकली असती. पण पाणीपट्टी वाढणार म्हटलं की हात वर होत नसत.

यंदा झेनोनने वेगळीच वाट काढली. तो मासेमार, त्याचं घर नदीवर चाले. गाळणी हवीच कशाला, त्याने विचारलं. बायकांनी त्यांच्या गर्भनिरोधक गोळ्या सोडल्या की झालं. मागे कोणीतरी हसलं. भिंतीला टेकलेल्या मुली खाली बघू लागल्या. फादरांनी मान डोलावली.

अशी औषधं फक्त बायकाच घेत नाहीत, हे दनूताने सांगून पाहिलं. कोणी ऐकेना. घरी जाऊन नुसतं पडून राहावं, एवढंच तिला वाटत होतं. ती पिशवी आवरायला लागली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून क्लेमेन्स उठला. झेनोनचा बाप. या वयातही रोज मुलाबरोबर होडीत बसणारा.

"पहिलं नाव माझं घाला, बाई."

"बाबा, तुम्ही बसा," झेनोन म्हणाला.

"प्रोस्टेटचा कॅन्सर आहे मला. शरीरातलं पुरुषी हार्मोन दाबायच्या गोळ्या घेतो. डोळे दाखवायला शहरात जातो म्हणायचो, ते याच्यासाठी." म्हातारा दम घ्यायला थांबला. मग मुलाकडे वळला. "त्या गोळ्या आहेत म्हणून मी आहे. सोडू का, तूच सांग."

झेनोन बापाकडे बघतच राहिला. मग तो दनूताकडे वळला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ती गाळणी कधीपर्यंत बसेल?"