दुरुस्तीचा अर्ज

"दोन वर्षं नाही हो, दोन महिने," आईने काचेखालच्या फटीतून दाखला परत आत सरकवला. "इथे चुकलंय. तेवढं दुरुस्त करून द्या."

रुग्णालयाच्या नोंदणी विभागातल्या कारकुनाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मृत्यूच्या कारणाचा दाखला होता तो. नाव, वय, पत्ता बरोबर होतं. कारण म्हणून रक्ताचा कर्करोग लिहिला होता, तेही बरोबर. पुढच्या रकान्यात आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ लिहितात. तिथे दोन वर्षं होती. कारकून म्हणाला, हे आम्ही मनाने लिहीत नाही, डॉक्टर लिहितात. दुरुस्ती हवी तर अर्ज द्या, मी त्यांना खाली बोलावतो.

"राहू दे ना, आई," शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली. "बाबांच्या ऑफिसात नुसती तारीख बघतात. बाकीचं कोण वाचतंय?"

"मी वाचलं ना."

आईला ते सोडवेना. नवरा छापखान्यात यंत्रावर काम करायचा. एक दिवस तिथेच चक्कर येऊन पडला आणि आजार बाहेर आला. मग दोन महिन्यांत सगळं आटोपलं. त्या दोन महिन्यांत तिने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. शिवायला आलेले कपडे लोकांना तसेच परत केले आणि घरी त्याच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर रात्री काढल्या; दवाखान्याच्या फेऱ्या तेवढ्या मुलगी करायची. आता हा कागद दिरांच्या हाती पडणार, जावा वाचणार. म्हणतील, दोन वर्षं माणूस झिजत होता आणि ही काय डोळ्यांवर कातडं ओढून बसली होती?

बाकावर बसून तिने अर्ज लिहिला. मुलगी बसली नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली, मग येऊन म्हणाली, उद्या मी एकटी येते, तू दमशील. आईने मान वर केली नाही.

डॉक्टरीणबाई आल्या आणि आधी मुलीकडेच गेल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून, जेवतेस ना नीट, असं विचारलं. मग आईच्या हातातला अर्ज घेऊन वाचला, पुन्हा वाचला आणि पुन्हा मुलीकडे पाहिलं. मुलीने नजर उचलली नाही.

"यात चूक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या तपासणीपासून मीच बघत होते त्यांना. तुमची मुलगी दर महिन्याला घेऊन यायची."

आईला वाटलं, यांची काहीतरी गल्लत होतेय, पेशंट तरी किती असतील. ती तसं म्हणालीही. तेव्हा डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या.

"तुम्हाला दवाखाना सोसत नाही, असं ते सांगायचे. म्हणून मग आम्हीही तुम्हाला बोलावण्याचा आग्रह धरला नाही."

म्हणजे इथे वर, कुठल्यातरी मजल्यावर, सगळ्यांना ठाऊक होतं की या माणसाला बायको आहे आणि ती येत नाही. आईने पदर सावरला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाप-लेक चालायला जायचे, ते तिला आठवलं. तिला बरंच वाटायचं, एरवी दोघं एकमेकांशी कुठे बोलतात. एकदा ती चप्पल घालून तयार झाली होती, तर मुलगी म्हणाली होती, तू नको, तुझे गुडघे दुखतात.

आणि नवऱ्याचं ते येता-जाता आडवं होणं. पाण्याची बादली न उचलणं. पाहुण्यांसमोर ती त्याला म्हणाली होती, खायला काळ आणि भुईला भार. तो हसला होता. मुलगी उठून आत गेली होती.

"चूक नाही म्हणता, तर असू द्या," आई म्हणाली. अर्ज परत मागून घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि दाखला घेतल्याची सही केली.

दोघी बसथांब्यापर्यंत चालत आल्या. गुडघ्यांचं कुणी काही बोललं नाही. थांब्यावर आणखी कुणी नव्हतं. तिथे मुलीला रडू फुटलं.

"बाबांनी शपथ घातली होती, आई. तू भांडायचीस ना, ते त्यांना बरं वाटायचं. म्हणायचे, ही भांडतेय तोवर मी आजारी नाही. हिला कळलं की ही गोड बोलायला लागेल, आणि मग मी संपलो."

"आणि मी जे जे बोलले ते?"

"त्यांनी नाही मनाला लावून घेतलं."

"त्यांना नसेल लागलं," आई म्हणाली. "मला लागायला आजपासून सुरुवात झाली. दोन वर्षांत एक दिवस तरी मला डोळ्यांनी खुणवायचंस. अगं, एक दिवस."

मुलीने तिचा हात धरायला हात पुढे केला. आईने आपल्या त्याच हातात पिशवी घेतली.

बस आली. आई खिडकीशी बसली, मुलगी शेजारी. बरंच अंतर गेल्यावर मुलीने विचारलं, "आता बोलणार नाहीस का माझ्याशी?"

"बोलेन की," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "अगदी गोड बोलेन."